कडी लावलेलं नाणं

माझा धंदा गाठवण्याचा. सोनार दागिना घडवतो आणि मोकळा होतो. तो दोऱ्यात ओवून, मागे रेशमाची दोरी घालून, सरकगाठ आणि गोंडा लावून बाईच्या गळ्यात नीट बसेल असा करून देतो तो पटवेकर. जुन्या पनवेलच्या बाजारपेठेत सराफांच्या आडोशाने आमच्यासारखी थोडी दुकानं अजून आहेत. दुकान म्हणजे काय, एक फळी, एक गादी आणि उजेडासाठी खाली वाकवलेला दिवा. हे काम मला सासऱ्यांनी शिकवलं. नवऱ्याला कंपनीतली नोकरी हवी होती, दुकानाला माणूस हवं होतं आणि माझी बोटं बारीक होती. पायाच्या अंगठ्यात रेशमाचे पेड अडकवायचे, मेण फिरवायचं, पीळ द्यायचा. अंगठ्याला घट्टा पडेपर्यंत दुसरं काही करू दिलं नाही त्यांनी.

मंगळसूत्रांवर घर चालतं, पण जीव रमतो तो नाण्यांत. पुतळ्यांची माळ, गिन्यांचा हार, राणीछाप रुपयाचं पदक, लमाणी कांचळीवरच्या चवल्या आणि हल्ली पोरांच्या गळ्यातली शिवराई. नाणं अंगावर घालायचं म्हटलं की त्याच्या काठाला कडी लावावी लागते. सोनार टाकणखार लावून, झाळ देऊन ती बसवतो. ज्या बाईला ते घालायचं तिच्या लेखी कडी लागली की नाण्याचा जन्म सार्थकी लागला. ज्याला नाणी जमवण्याचा छंद आहे त्याच्या लेखी ते त्याच क्षणी मेलं. दोघंही माझ्याच फळीसमोर येऊन बसतात.

सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक पुतळीचं. आगरी-कोळ्यांच्या घरांतून, बाजारपेठेमागच्या जुन्या वाड्यांतून ती येते, बहुधा गौरीच्या आधी नाहीतर लग्नसराईत. रेशीम घामाने कुजतं, कडीच्या धारेवर घासून झिजतं, म्हणून काही वर्षांनी माळ नव्याने गाठवावीच लागते. गिऱ्हाइकासमोर पुतळ्या मोजायच्या, वजन करायचं, चिठ्ठीवर लिहून द्यायचं, मग जुना दोरा कापायचा. कापताना बहुतेक बायका बघत नाहीत. मान वळवतात किंवा उगाच मोबाइल काढतात. सासरे सांगायचे, 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं, 14 कॅरेटच्या वर दागिना घडवायला मनाई झाली, सोनार हातावर हात ठेवून बसले. पण गाठवण्यात सोनं घडत नाही, नुसता दोरा बदलतो. त्या काळात लोकांनी नवं काही करता येईना म्हणून जुन्या माळा बाहेर काढल्या आणि आमच्या घरची चूल पेटती राहिली.

पुतळीवर एक माणूस गुडघे टेकून बसलेला आहे आणि दुसरा त्याच्या हातात काठी देतो आहे. मागच्या बाजूला ताऱ्यांच्या महिरपीत एक उभी आकृती. माझ्या गिऱ्हाइकांपैकी कुणी त्यांना राम-सीता म्हणतं, कुणी लक्ष्मी, कुणी नुसत्या बाहुल्या. सासऱ्यांनाही याहून जास्त माहीत नव्हतं. खरा प्रकार मला एका नाणी जमवणाऱ्या काकांनी सांगितला. हे मुळात व्हेनिसचं नाणं, डुकाट. गुडघ्यावर बसलेला तो तिथला राज्यप्रमुख, त्याला डोज म्हणत. त्याच्या हाती निशाण देतो आहे तो संत मार्क. मागे ताऱ्यांत उभा आहे तो येशू. 1284 पासून व्हेनिसने हे नाणं पाडलं, साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोन्याचं, आणि पाचशे वर्षं त्याचा कस ढळू दिला नाही. मिरी आणि कापडाच्या मोबदल्यात ते तांबड्या समुद्राच्या, इराणी आखाताच्या वाटेने आपल्या किनाऱ्यावर आलं आणि इथल्या सराफांनी डोळे झाकून घेतलं. तमिळ मुलखात म्हणे त्या निशाणाच्या काठीत लोकांना ताडाचं झाड दिसलं आणि डोजमध्ये ताडी काढणारा. आमच्या राम-सीतेपेक्षा हे मला जास्त पटतं.

खरी गंमत पुढेच आहे. व्हेनिसचं प्रजासत्ताक नेपोलियनने 1797 मध्ये बुडवलं. आमच्याकडे त्याचं नाणं पाडणं अजून चालू आहे. बायकांना पुतळ्या हव्याच होत्या, अस्सल पुरत नव्हत्या, तेव्हा सोनारांनी आपले ठसे केले. ज्या हातांना लॅटिन वाचता येत नव्हतं त्यांनी ती अक्षरं चित्रासारखी काढली. आधी ती वाकडी झाली, मग नुसत्या उभ्या रेघा उरल्या, मग ठिपके. डोजची टोपी गेली, संताची दाढी गेली. भिंगाखाली एकाच माळेत सगळा वंश दिसतो. एखादी अस्सल, काही जुन्या देशी, जाड आणि बोथट, आणि बाकीच्या लेकीच्या लग्नात माळ भरून दिसावी म्हणून घातलेल्या पातळ पत्र्याच्या. काका भिंग लावून माळेतली अस्सल पुतळी शोधतात आणि बाकीच्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत. मला मात्र त्या देशी पुतळ्यांचंच कौतुक वाटतं. न पाहिलेल्या गावाचं, न वाचता येणाऱ्या लिपीतलं नाणं पिढ्यान्‌पिढ्या जमेल तसं काढत राहणं ही काय साधी गोष्ट आहे? शिवाय गाठवायला त्या सोप्या. अस्सल पुतळी पातळ आणि मऊ असते, तिची कडी जास्त ताणली तर काठ वाकतो.

पनवेल बंदर होतं तेव्हा बोरघाट उतरून आलेला माल इथे होड्यांत चढायचा आणि मुंबईला जायचा. पुण्याकडचे रुपये आणि मुंबईचे रुपये इथेच समोरासमोर येत असणार, आणि सराफ बट्टा कापून एकाचा दुसरा करून देत असणार. 1835 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने सगळीकडे एकच रुपया केला, पुढे आगगाडी बोरघाट चढली आणि पनवेलच्या वाटेचा तो माल तिकडे वळला. पण घराघरांत जे शिल्लक राहिलं ते या व्यापाराचंच. ते टिकलं कशामुळे? गळ्यात होतं म्हणून. पेटीतला सुटा रुपया आजारपणात मोडला जातो, दुष्काळात आटणीत जातो. माळेतला रुपया काढायचा म्हणजे माळ तुटते आणि माळ तोडायला बाई सहसा तयार होत नाही. हे मी काकांना ऐकवते. कडीमुळे नाणं मेलं म्हणता, कडी नसती तर ते मुशीत गेलं असतं. ते म्हणतात, “वहिनी, मुशीत गेलं असतं तर निदान वाईट तरी वाटलं नसतं.” छंदिष्ट माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

कोकणी मुसलमान घरांतून गिन्या येतात. गिनी म्हणजे इंग्रजी सॉव्हरिन, आठ ग्रॅमला किंचित कमी, 22 कॅरेट, एका बाजूला राणी नाहीतर राजा आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावरून ड्रॅगनला मारणारा संत जॉर्ज. म्हणजे हिंदू बाईच्या गळ्यात येशू, मुसलमान बाईच्या गळ्यात संत जॉर्ज, आणि दोघींच्या माळा गाठवणारी मी. यात कुणाला काही खटकल्याचं मी ऐकलेलं नाही.

गिनीतही एक मेख आहे. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी मुंबईच्या टाकसाळीत लंडनच्या रॉयल मिंटची शाखा निघाली आणि 1918 या एकाच वर्षी तिथे गिन्या पडल्या. ओळखायच्या कशा? घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर, सालाच्या वर, सुईच्या टोकाएवढं ‘आय’ हे इंग्रजी अक्षर असतं. नुसत्या डोळ्यांना ते ओरखड्यासारखं वाटतं. काकांनी दाखवल्यापासून मी प्रत्येक 1918 ची गिनी भिंगाखाली धरते. त्यात माझा फायदा काही नाही, सवय लागली एवढंच.

एकदा तीन बहिणी आईचा गिन्यांचा हार घेऊन आल्या. आई गेली होती, हार तिघींत वाटायचा होता. हल्ली हे फार होतं. संपूर्ण हार घालून जायला कुणाकडे तेवढी लग्नं नाहीत आणि लोकलमध्ये तर कुणी घालणारच नाही. म्हणून हार सुटा करायचा आणि एकेक गिनी काळ्या दोऱ्यात नाहीतर बारीक साखळीत. मधली बहीण तर जीन्सवर घालणार होती, आणि मला वाटतं तिला ते शोभलंही असतं. गिन्या तिघींत सारख्या वाटल्या गेल्या आणि एक उरली. उरलेली नेमकी मुंबईची निघाली. मी ते अक्षर त्यांना दाखवलं. थोरलीने लगेच विचारलं, “मग हिची किंमत जास्त?” बिनकडीची असती तर नाणी जमवणाऱ्यांकडे जास्त आली असती, आता सोन्याच्या भावाच्या आसपास, मी सांगितलं. “कडी काढून टाकली तर?” झाळेचा डाग राहतो, काठ पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. तिघी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग धाकटीने ती गिनी उचलून स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, आईच्या वर्षश्राद्धा... थांबली, हसली, “वर्षाच्या फातिह्याचा खर्च मी करते, ही माझी.” शेजारी हिंदूंची घरं असली की शब्दही असे मिसळतात. थोरलीला ते पसंत पडलं की नाही ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

काकांबद्दल सांगायला हवं. नवीन पनवेलात राहतात, बँकेतून निवृत्त झालेले. नाणी जमवणाऱ्यांच्या एका मेळाव्याला जायचं होतं आणि त्यांच्या डोक्यात आलं की जाकिटाला नाण्यांचीच बटणं हवीत. छंद अंगावर दिसला पाहिजे, पण नाण्याला ओरखडा उठता कामा नये. भोक नको, झाळ नको, डिंक नको. सोनाराने कोंदणासारखं चांदीचं घर करून द्यायची तयारी दाखवली, तर त्यातही नखं दाबताना काठ घासतो म्हणून नको. फिरत फिरत माझ्याकडे आले. आधी पंचम जॉर्जचे पाच रुपये आणले. एक रुपया 11.66 ग्रॅमचा, पाच लावले तर पाच तोळे चांदी जाकिटाच्या पट्टीवर. पट्टी ओघळलेल्या मिशीसारखी दिसायला लागली. मग पावल्यांवर आलो. पावली वजनाला रुपयाची चौथाई आणि आकाराने बटणाएवढीच.

पटवेकराला जे येतं तेच मी केलं. नाण्याच्या काठाभोवती बारीक रेशमाची जाळी गाठायची, पुढून काठाची एखादं सूत किनार झाकली जाईल एवढीच. मागे सगळे पेड एकत्र आणून गुंडीला असतो तसा देठ करायचा आणि तो जाकिटाला शिवायचा. गाठ सैल पडली तर नाणं निसटतं, फार आवळली तर जाळी एका बाजूला चढते. काकांच्या अटी वेगळ्याच. रेशीम बिनरंगाचं हवं, कारण घामात रंग उतरतो. मेण लावायचं नाही. नाण्याला हात लावायचा तो काठाला धरून, तोंडावर बोट टेकवायचं नाही. त्यांच्यासमोर मी सुती हातमोजे घालून काम करत होते आणि शेजारचा सोनार हसत होता. पण त्यांच्याकडून शिकले ते आता मीच गिऱ्हाइकांना सांगते. चांदीच्या वस्तूंना रबर गुंडाळू नका, लोकरीत ठेवू नका, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात नाणी वर्षानुवर्षं ठेवली तर त्यांच्यावर हिरवट चिकट थर धरतो.

फक्त एका बाबतीत आमचं जमत नाही, ते म्हणजे उजळणं. माळ गाठवून झाली की रिठ्याच्या पाण्यात मऊ ब्रशने धुऊन द्यायची ही आमची रीत. सोन्याचं त्यात काही बिघडत नाही. पण रुपयांचा हार घेऊन आलेल्या आगरी आजीलाही तशीच झळाळी हवी असते. “मना चकचकीत पायजे, लग्नात उठून दिसाला पायजे.” काकांचं म्हणणं, रुपयावर शंभर वर्षांत चढलेला तो करडा-निळसर रंग हीच त्याची खरी शोभा, तो घासून काढणारा गुन्हेगार. मी आजीचं ऐकते. हार तिचा, लग्न तिच्या नातीचं. काका त्या वेळी दुकानात नसले म्हणजे झालं.

आमचं दोघांचं एकमत असलेलं नाणं एकच, भोकाचा पैसा. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई होती म्हणून 1943 मध्ये सरकारने मधे मोठं भोक असलेला पैसा काढला, तो 1947 पर्यंत पाडला गेला. सरकारनेच भोक पाडून दिलेलं, आता कडी कशाला! लहान मुलांच्या करदोट्यात तो ओवलेला असे, आणि कुठे नटबोल्टखाली वॉशर म्हणूनही गेला. काकांकडेही आहे, माझ्याकडेही आहे, आणि दोन्ही सारखेच चांगले.

पनवेलच्या मजूर नाक्यावर लमाण बायका दिसतात. विमानतळाचं काम निघालं तेव्हापासून तर जास्तच. फेटिया, कांचळी, डोक्यावरची ओढणी, सगळ्याला आरसे, कवड्या आणि नाणी. वयस्कर बायकांच्या अंगावर चांदीच्या चवल्या-पावल्या असतात, तरुणींच्या अंगावर ॲल्युमिनियमचे, कातरलेल्या काठाचे दहा पैसे. ते वजनाला हलके, म्हणून कापड ओढलं जात नाही. शिवणारीला हे कुणी शिकवावं लागत नाही. त्यांचं काम माझ्याकडे क्वचितच येतं, त्या स्वतःच उत्तम शिवतात. एकदा एक जण कड्या तुटलेल्या पावल्या घेऊन आली होती, तेव्हा मी तिच्या कांचळीची पाठ बघून घेतली. प्रत्येक नाण्यामागे कापडाचा दुहेरी तुकडा होता, घासून भोक पडू नये म्हणून. आमच्या धंद्यात ही काळजी कमी झाली आहे.

चालू नाण्यांचं काम मी घेत नाही. हल्ली लग्नात नव्या कोऱ्या रुपयांच्या मुंडावळ्या किंवा हार मागतात, इंटरनेटवर बघून. चलनातलं नाणं वितळवणं, नासवणं हा 2011 च्या नाणे कायद्यात गुन्हा आहे आणि त्याला 7 वर्षांपर्यंत कैद आहे. कुणी मला पकडायला येणार नाही हे मलाही ठाऊक आहे. पण जे नाणं अजून चालतं त्याला भोक पाडायला हात धजावत नाही. 25 पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 नंतर चलनातून गेली, तिथे माझी अडचण कमी होते. नोटांच्या हारांबद्दल तर बोलूच नका. रिझर्व्ह बँक कधीपासून सांगते आहे, नोटा टाचू नका, हार करू नका.

आता पोरांचं. गेल्या काही वर्षांत कॉलेजातली मुलं शिवराई गळ्यात घालायला लागली. टी-शर्टवर राजमुद्रा, कपाळावर चंद्रकोर, मनगटात कडं आणि गळ्यात तांब्याची शिवराई. त्यांना आधी सांगावं लागतं की राजमुद्रा ही अष्टकोनी, ती कागदावर उमटवायची, ते नाणं नव्हे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी, 1674 मध्ये, रायगडावर पाडली ती तांब्याची शिवराई आणि सोन्याचा होन. शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसरीकडे ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांची कड. होन इतका दुर्मीळ की तो गळ्यात घालायचा विचारही करू नये. शिवराईचं मात्र तसं नाही. महाराजांनंतरही ती पेशवाईत आणि त्यापुढेही पाडली गेली, एकोणिसाव्या शतकातही बाजारात चालली. म्हणून बाजारात मिळते ती बहुतेक नंतरची, कित्येकदा मधे दोन आडव्या रेघांची, जिला नाणेवाले दुदांडी म्हणतात. विकणारा मात्र प्रत्येक शिवराई महाराजांच्या हातातली असल्यासारखी विकतो. आणि नुसत्या बनावट तर किती!

पळस्प्याकडचा एक मुलगा खरी घेऊन आला होता. आजोबांच्या पेटीत सापडलेली, झिजलेली, पण ‘छत्र’ स्पष्ट वाचता येत होतं. त्याला मधे भोक पाडून काळ्या दोऱ्यात हवी होती, 6 जूनला रायगडावर जायचं होतं. ड्रिल शेजारी सोनाराकडे आहे, दोन मिनिटांचं काम. मी नाही म्हटलं. तो चिडला. “मग घालायची कशी?” मी त्याला जाळी करून दिली असती, पण तांब्यावर घाम बसला की तो तांबं खातो, आणि गड चढताना घाम येणारच. त्यापेक्षा पितळेची नक्कल घाल, ही घरात कोरडी ठेव, असं सांगितलं. त्याला ते नकली वाटलं. मी फळीखालच्या डब्यातून एक देशी पुतळी काढून दाखवली, रेघांची अक्षरं असलेली, आणि विचारलं, हिला कुणी नकली म्हणतं का? पूर्ण पटलं नाही त्याला, पण शिवराई रुमालात गुंडाळून खिशात घातली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तो पुन्हा आला, सोबत मित्रांचा घोळका. सगळ्यांच्या हातात पितळेच्या सारख्या शिवराया, कड्या लावलेल्या. एकाला दोरी लांब हवी होती, टी-शर्टच्या बाहेर दिसेल अशी. दुसरा म्हणाला, “नको रे, चढताना छातीवर आपटत राहते, मागल्या वर्षी वैताग आला.” शेवटी सरकगाठ लावून दिली, खाली आखूड, वर गेल्यावर लांब. पैसे काढता काढता एकाने विचारलं, “काकू, ही हिरवी पडते का?” पितळ आहे, पडणारच, मी म्हटलं. चिंच लावायची आणि मस्त घासायची, हवी तेवढी.